नट कोणी आवळला?

माझ्या शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. माझी शाळा नववीत सुटली, शब्द साधेच येतात. पण वर्कशॉपमध्ये किस्से लोखंडाच्या चुऱ्यासारखे साचतात. झाडले नाहीत तर पायात घुसतात. हे मला महिनाभर टोचत आहेत.

इंझोरीच्या रस्त्यावर करीमचाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे, मी तिथं काम करतो. माझी बहीण प्रज्ञा नववीत आहे. तिच्या शाळेचा संघ रोबोट स्पर्धेला जाणार होता. त्यांचं चेंडू फेकणारं यंत्र आमच्याच दुकानात बनलं. दोन चाकं समोरासमोर गरगर फिरतात, मधून चेंडू सुटतो. चाकं प्रज्ञानं बसवली. तिला एकच पाहिजे होतं, स्पर्धेत रिमोट तिच्या हातात असावा.

*

पहिल्या चाचणीला चाचांनी दुकानाचा नियम सांगितला. "ज्यानं नट आवळला, त्यानंच पयलं बटन दाबाचं!" ढिला राहिला तर चाक आधी त्याच्याच अंगावर यावं, म्हणून!

"अगदी शास्त्रीय!" असं म्हणून संघाला शिकवणारे शाळेचे सर लोखंडी कपाटामागं जाऊन उभे राहिले.

प्रज्ञानं बटण दाबलं. वायर सरांनीच जोडल्या होत्या, उलट्या! चेंडू पुढं जायच्या ऐवजी मागं उडाला, भिंतीवर आपटला आणि थेट कपाटामागं गेला.

चाचा म्हणाले, "सरजी, नियम तुमाले बी लागू झाला!"

*

मग चेंडू समोरच्या डब्यात पडायच्या ऐवजी सारखा डावीकडं जायला लागला. सर म्हणाले, "डबाच थोडा डावीकडं सरकवा."

मला हसू आलं नाही, राग आला. प्रज्ञानं चाकाजवळ खडू धरला आणि चाक हळू फिरवलं. खडूची रेघ अर्ध्याच चाकावर उमटली. चाक वाकडं बसलं होतं! तिनं ते काढून पुन्हा बसवलं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. दहाच्या दहा चेंडू डब्यात!

संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर आलं : 'सरांच्या मार्गदर्शनाखाली ओमनं दोष शोधला.' ओम म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. त्या दिवशी तो मामाच्या गावाला होता!

*

स्पर्धेच्या आदल्या दिवशी अध्यक्ष दुकानात आले, फोटो काढायला. रिमोट ओमच्या हातात. प्रज्ञाच्या हातात पुष्पगुच्छ.

चाचांनी विचारलं, "सरजी, नट कोनं आवळला?"

"चाचा, ते दुकानातले नियम. स्पर्धेत मुलींचा हात हलतो."

वायर उलट्या जोडल्या तेव्हा कोणाचा हात हलला होता? हे मला तिथंच विचारायचं होतं. हातात ग्राइंडर होता, मी तो चालू केला आणि लोखंड घासत राहिलो.

घरी जाताना प्रज्ञा म्हणाली, "उद्या मले गुणांची वही धरून बसाचं हाय. दादा, तू तरी बोलाचं होतं ना. काहून नाई बोलला?"

सरांपेक्षा मला माझाच राग जास्त आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना खिशात घालून शाळेत गेलो. गाडी निघायच्या आधी पटांगणात शेवटची चाचणी होती. ओम रिमोट घेऊन तयार, अध्यक्ष मोबाइल धरून तयार. मी सरळ यंत्राजवळ बसलो आणि चाकांचे आठही नट ढिले केले.

"अरे, काय करून राह्यला तू!" सर ओरडले.

मी पाना प्रज्ञाच्या हातात दिला. "आवळ."

तिनं एकेक करून आठही आवळले.  ओमनं नटांकडं पाहिलं, मग सरांकडं. "सर, घट्ट बसले असतील ना?"

"असतील की!" सर म्हणाले, आणि वर्गाच्या दाराआड गेले. अध्यक्षही त्यांच्या मागोमाग गेले.

ओमनं रिमोट हळूच जमिनीवर ठेवला.

प्रज्ञानं ओढणीला हात पुसले आणि तो उचलला.