थांबवून ठेवलेलं विमान

शिरोलीच्या एका कारखान्यात आकाराम चौगुले लेथवर होता. सव्वीस वर्षं, एकाच लेथवर. कारखान्यातली तरुण मंडळी त्याची टिंगल करायची, कारण हा गडी मशीन सुरू करण्याआधी तिला हात जोडायचा आणि जमिनीवर वायर पडलेली असली तर तिच्यावरून पाय न टाकता वळसा घालून जायचा. "आकारामदा, मशीनला च्या पाजलासा का?" असं कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "तुझ्यापरास शानी हाय ती. सांगंल तेवढंच कापती."

घरी मंगळवार पेठेत दोन खोल्या. बायको शालूबाई आणि एकुलती एक मुलगी वैजयंता, म्हणजे वैजू. अकराव्या वर्षी वैजूला सांधे धरणारा ताप आला. ताप गेला, पण जाताना पोरीच्या हृदयाची झडप खराब करून गेला. पळायचं नाही, जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि शाळा तर दुसऱ्या मजल्यावर. बरोबरीच्या पोरी रंकाळ्यावर हुंदडत होत्या तेव्हा ही सोळा वर्षांची पोर खिडकीजवळच्या कॉटवर पाय पसरून बसलेली असायची. देवानं हिशेब करताना डोकं कुठं गहाण ठेवलं होतं, कोण जाणे.

अठ्ठ्याऐंशी साली गणपतीत शालूबाईचा भाऊ सयाजी मस्कतहून आला. तिकडं तो वेल्डर होता. भाचीसाठी त्यानं टीव्हीला जोडायची एक पेटी आणली होती, आणि तिच्यात घालायची एकच कॅसेट. आकारामनं पेटीला आधी हात जोडले, मगच वायरी जोडल्या.

खेळ एका विमानाचा. आकाशातलं, ताऱ्यांमधलं विमान. ते डावीकडून उजवीकडे जायचं आणि पडदा आपोआप पुढं सरकत राहायचा. मागं यायची सोय नव्हती. समोरून आग ओकणारे डोंगर यायचे, वाटोळ्या डोळ्यांची भुतं यायची, त्यांना गोळ्या घालत पुढं जायचं. एका डावाला तीन विमानं मिळायची, त्यांना वैजू 'जीव' म्हणायची. एकदा ती ओरडली, "आई, एकच जीव उरला!" आणि शालूबाई हातातली परात टाकून धावत आली. पोरगी टीव्हीसमोर हसत बसलेली. त्या दिवसापासून घरात तो शब्द काढायला बंदी झाली. बापलेक मग कुजबुजून जीव मोजायचे.

खेळाचे टप्पे सात. महिन्याभरात वैजू सहाव्यापर्यंत पोचली. सातव्यात काय आहे हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, सयाजीलाही नाही. आकाराम कामावरून आला की सायकल लावता लावता विचारायचा, "कुठवर?" आणि ती बोटं दाखवायची. त्या महिन्याभरात पोरीच्या तोंडावर जी कळा आली होती, ती त्यानं पाच वर्षांत बघितली नव्हती.

नवरात्राच्या पाचव्या माळेला ती सातव्या टप्प्यात शिरली. दोन शेंड्यांचा एक डोंगर आला, त्याच्याखाली विमान गेलं आणि वैजूचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. तरी तिनं आधी खेळ थांबवायचं बटण दाबलं. रिक्षात बसवताना ती बापाला म्हणाली, "आबा, पेटी बंद करू नका. बंद केली की समदं पुसतंय. मी आलो की खेळतो."

"न्हाय करत, बाय," आकाराम म्हणाला.

त्यानं टीव्ही बंद केला, पण पेटीचा लाल दिवा जळत ठेवला. शालूबाई दवाखान्यात पोरीपाशी राहिली. आकाराम सकाळ-संध्याकाळ डबा पोचवायचा. नवरात्र म्हणून असेल, पण त्या दिवसांत लाईट एकदाही गेली नाही.

आणि खंडेनवमी आली. कारखान्यात सकाळी लेथ रॉकेलनं पुसून लख्ख झाले, मेन स्विच ओढला गेला, नारळ फुटले. चालत्या यंत्राला कुंकू लावत नाहीत, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत. घरी येऊन आकारामनं विळा, अडकित्ता, सायकल, शालूबाईचं शिलाई मशीन असं सगळं ओळीनं मांडलं. मग त्याची नजर पेटीवर गेली. आपल्या लेकीला हसवणारं यंत्र हे, याची पूजा सगळ्यांच्या आधी व्हायला हवी होती, असं त्याला वाटलं. त्यानं फडक्यानं पेटी पुसली, सव्वीस वर्षांच्या सवयीनं बटण बंद केलं, पिन काढली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. डोळे मिटून म्हणाला, "माझ्या पोरीला घरला आण."

डोळे उघडले तेव्हा लाल दिवा नव्हता.

त्यानं पिन परत घातली, टीव्ही लावला. पडद्यावर पहिला टप्पा आणि शून्य. आकारामनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. रडला नाही, कारण रडायचा त्याला अधिकार आहे असं त्याला वाटेना.

संध्याकाळी दवाखान्यात वैजूनं विचारलं, "चालू हाय न्हवं?"

"हाय की," तो म्हणाला. पोरीशी तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला.

आता एकच वाट होती. ती घरी यायच्या आत विमान त्या दोन शेंड्यांच्या डोंगराखाली नेऊन ठेवायचं. दसऱ्यानंतर त्यानं रजा टाकली आणि भरदिवसा कडी लावून टीव्हीसमोर मांडी घातली. पहिल्या दिवशी पहिल्याच डोंगरात विमानं फुटत राहिली. लेथवर केसाएवढी चूक न करणारी त्याची बोटं त्या चिमुकल्या बटणांवर लाकडासारखी झाली. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. डोंगर, भुतं, गोळ्या, सगळं दर वेळी त्याच जागी, त्याच क्षणी येतं. हे यंत्र फसवत नाही. मग त्यानं वही काढली आणि कामाचं ड्रॉइंग काढावं तसा एकेक टप्पा काढला. किती आकडे मोजले की वर जायचं, किती मोजले की खाली. शेजारची आक्का खिडकीतून डोकावून बघायची आणि गल्लीभर सांगायची, "पोर दवाखान्यात, आन् बाप खेळतोय!" आकारामनं ऐकलं आणि मोजणी चालू ठेवली.

नवव्या दिवशी दोन शेंड्यांचा डोंगर आला. विमान खाली शिरलं, त्यानं बटण दाबलं. अंगठ्याला आलेला फोड फुटला होता. तसाच तो दवाखान्यात पळाला.

वैजू बरीच सुकली होती. उशांना टेकून बसली होती. त्याच्या तोंडाकडे बघून हसली आणि शालूबाईला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजली, "जीव किती हायत, आबा?"

"दोन," आकाराम छाती फुगवून म्हणाला.

तिनं एक बोट वर केलं. मग म्हणाली, "माझा तर एकच उरला हुता."

त्यानं जागा तेवढी लक्षात ठेवली होती, कोपऱ्यातला आकडा त्यानं कधी बघितलाच नव्हता.

"बंद केलासा व्हय?"

"खंडेनवमी हुती बाय. पूजेला हात गेला बघ."

"आन् खेळून तिथवर गेलासा? तुम्ही?"

"नऊ दिस लागलं."

वैजू हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली, तरी हसत राहिली. तिनं त्याचा हात ओढून घेतला, अंगठा बघितला, आणि मग तिचं हसू थांबलं. "मी आता घरला यायचा न्हाय, आबा. मला कळतंय. तुम्हीच खेळा. पुढं काय हाय ते बघून या आन् मला सांगा."

"तू आल्याबिगर न्हाय."

"थांबवून ठिऊ नका. जावा की."

आकाराम हलेना. शेवटी शालूबाईच म्हणाली, "जावा. पोर एवढं म्हणत्या तर."

दुपारी दोनला तो घरी पोचला. डोंगराच्या पुढचं वहीत काही नव्हतं. एक जीव लगेच गेला. उरलेल्या एकावर तो मोजल्याशिवाय, नुसता डोळ्यांनी खेळला. भिंती सरकल्या, वाट अरुंद झाली, एक मोठा दरवाजा आला. तो फुटला. पडदा पांढरा झाला, इंग्रजीत दोन ओळी आल्या, त्या त्याला वाचता आल्या नाहीत. मग तारे आले. आणि ताऱ्यांमागून तोच पहिला डोंगर, तेच पहिलं संगीत. आपलंच काही चुकलं असं त्याला वाटलं. बराच वेळ बघितल्यावर त्याला समजलं.

हे पोरीला कसं सांगायचं? सायकल मारत तो मनात जुळवत गेला. सांगू, दरवाजाच्या पलीकडं हिरवागार मुलूख हाय. कळंब्यासारखं मोठं तळं हाय. त्येच्या काठाला विमान उतारतंय, आतनं एक पोरगी भाईर येती आन् पळत सुटती. हे तिला आवडेल. वळणावर त्यानं त्या विमानातल्या पोरीच्या फ्रॉकचा रंगसुद्धा ठरवला.

वॉर्डात शालूबाई कॉटच्या कडेला खाली बसली होती. चादर वैजूच्या तोंडावरून ओढलेली होती.

"आत्ताच," शालूबाई म्हणाली. "दाराकडं बघत हुती सारखी. आबा आलं का, आबा आलं का, एवढंच म्हणत हुती."

आकारामनं चादर खाली केली. जुळवून आणलेलं सगळं ओठावर होतं, पण त्या चेहऱ्याशी खोटं बोलायला त्याची जीभ वळेना. तो वाकला आणि पोरीच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाला, "पुढं काय न्हाय, वैजू. परत पयल्यापासनंच सुरू हुतंय."