बूट तिकडेही मिळतील

आई, भंगारवाल्याकडून मागून आणलेला तो काटा आठवतो का तुला? दोन हजार एक साल होतं. नागपूरच्या आपल्या हॉलमध्ये त्या काट्याला माझी बॅग लटकवली आणि वजन जास्त भरलं. बाबा म्हणाले, साड्या कमी करा. तू साड्यांना हात लावला नाहीस. बॅगेत तळाशी हात घालून माझे खो-खोचे बूट बाहेर काढलेस आणि त्या जागी पोळपाट-लाटणं बसवलंस. "बूट तिकडेही मिळतील. लाटणं मिळायचं नाही," म्हणालीस. मी विद्यापीठाच्या टीममधून खेळलेली, शाळेत पीटी शिकवणारी मुलगी. हसले आणि चेन ओढली. तेव्हा राग आला नव्हता, आता येतो.

इथे अमेरिकेत आले ती मिलिंदच्या मागे, एच-फोर व्हिसावर. म्हणजे नवऱ्याबरोबर राहायचं, पण नोकरी करायची नाही. ॲन आर्बरमध्ये शाळा पुष्कळ आहेत, पण एकाही शाळेत मला शिट्टी वाजवून पगार घेता येत नाही. पहिली दोन वर्षं मी मैदानांच्या कडेने नुसती चालत होते. मग मुक्ता झाली आणि तेही राहिलं. फोनवर तू विचारायचीस, "काय केलंस आज?" मी भाजीचं नाव सांगायचे. तुझं समाधान व्हायचं.

या फेब्रुवारीत लाँग वीकेंडला स्कीइंगला जायचं ठरलं. मिलिंद आणि त्याचा ऑफिसातला मित्र योगेश कितीतरी दिवस कंप्युटरला चिकटून होते. मुलांना सोपा उतार कुठे आहे, लहानांना शिकवतात कुठे, हॉट टब कुठे आहे. शेवटी वर उत्तरेला एक केबिन सापडली. मिलिंद खूश होऊन म्हणाला, एकदम फॅमिली-फ्रेंडली आहे, फुल किचन आहे! बाप्पा! मी फोटो पाहिले तर बर्फापेक्षा ओट्याचेच जास्त. लेसन कोणाकोणाचे बुक केलेस, विचारलं. मुलांचे, त्याचा, योगेशचा आणि योगेशच्या बायकोचा, स्मिताचा.

"स्मिता आठवडाभर ऑफिस करते, तिला ब्रेक नको का?" तो म्हणाला. "तू घरीच असतेस ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. पंचाईत अशी की हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते. यानं मला गृहीत धरलंय, आणि तेही प्रेमाने. फॅमिली-फ्रेंडली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सगळे सुट्टीवर जातात आणि एक बाई फक्त ओटा बदलते. इथल्या माझ्यासारख्या बायांनो, तुम्हाला हे सांगायला नको. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे त्या विजेवर चालतात एवढंच.

तरी गेले. लाटणंसुद्धा घेतलं, हो, तुझंच. पहिल्या सकाळी सगळे जाडजूड कपडे चढवून दारात उभे होते आणि मी कणीक मळत होते. स्मिता म्हणाली, तुझ्या हातच्या पोळ्या म्हणजे यार, सुख! मी मुक्ताची टोपी नीट केली आणि सहज म्हटलं, मी पण येऊ का गं शिकायला? मुक्ताने माझ्याकडे अगदी समजुतीने पाहिलं.

"बट आई, यू डोन्ट डू स्पोर्ट्स."

सहा वर्षांची पोर. तिचा काय दोष? तिने आईला कधी पळताना पाहिलेलंच नाही. मिलिंद हसला. दार लागलं. मी कणकेकडे बघत उभी राहिले आणि आई, खरं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला. मिलिंदचा, स्मिताचा, व्हिसा देणाऱ्यांचा आणि तुझा. सगळ्यात जास्त तुझा.

कणीक तशीच ठेवून मी खाली उतारावर गेले. बूट भाड्याने घेतले, लोखंडासारखे जड. नवशिक्यांच्या रांगेत माझ्या कमरेएवढी पोरं होती. पडले. परत पडले. शिकवणारी मुलगी सांगत होती, गुडघे वाकव, वजन पुढे टाक. अगं, हे तर मी शाळेत घसा फोडून पोरींना शिकवलंय! दुपारनंतर एकदा तो छोटासा उतार मी न पडता उतरले. खाली मुक्ता उभी होती, तोंड उघडं टाकून. मला म्हणाली, "अगेन कर." अर्धं मराठी, पण मला पुरलं.

अंधार पडता पडता केबिनवर परतलो. ओट्यावर कणकेला पापुद्रा धरलेला. सगळे कोट काढून त्या ओट्याभोवती उभे राहिले, आणि मिलिंदने तोंड उघडायच्या आत मी दारातच बसकण मारली, ओले मोजे ओढले आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

स्मिताने मान खाली घातली. मिलिंदला आधी वाटलं मी गंमत करतेय. मग त्याने माझा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने फ्रीज उघडला. त्या रात्री आम्ही करपलेली अंडी आणि ब्रेड खाल्ला. मी दोनदा मागून घेतलं.

मैदानावरून आले की चपला भिरकावून हाच प्रश्न मी तुला विचारायचे, आठवतं? आठ वर्षांत तो मी कोणालाच विचारला नव्हता, नुसती उत्तरं देत होते. लोक विचारतात घराची आठवण येते का. मला त्या प्रश्नाची येते. जिथे तो मला दारातून ओरडून विचारता येईल ते माझं घर, मग ते नागपूरला असो नाहीतर मिशिगनला. आणि तू, आई? तू तो कधी कोणाला विचारलास?

तुझं खरं होतं, बूट इकडेही मिळतात. पण भाड्याने मिळतात, संध्याकाळी परत करावे लागतात. माझे तू टाकून दिले नसशील, तर येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव. वजन जास्त झालं तर लोणचं काढ.