दाताच्या खुर्चीचं लेखी उत्तर

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातले नरहर पुराणिक मंत्रालयात नेमकं काय करतात, हे मोहल्ल्यात फार थोड्यांना ठाऊक होतं. ते मंत्र्यांची उत्तरं लिहीत. आमदार विधानसभेत लेखी प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात, असं आपण पेपरात वाचतो. त्यांच्या खात्यातली बरीचशी उत्तरं नवा रायपूरला नरहररावांच्या टेबलावर तयार होत. मंत्री त्यांना आपलं नाव देत.

या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "जानकारी एकत्रित की जा रही है" हे वाक्य ते नवशिक्यांचं मानत. त्यांचं आवडतं वाक्य वेगळं होतं: "जी हाँ. शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता." पहिल्या भागाला हो म्हटलं की शेषांश, म्हणजे प्रश्नातले उरलेले 'का' आणि 'कधीपर्यंत', आपोआप गळून पडतात. ही भाषा घरातही शिरली होती. बायकोने, मीराताईंनी, दळण आणलं का विचारलं की उत्तर यायचं, "कार्यवाही सुरू आहे." मुलगी ऋता हसून म्हणायची, "पापा, आप घर में भी विधानसभा चलाते हो."

मीराताई शाळेतून निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांची दाढ ठणकायला लागली. घराजवळच्या सरकारी दवाखान्यात दाताची नवी खुर्ची आल्याचं ऐकून त्या तिथे गेल्या. खुर्ची खरंच आली होती, पण प्लॅस्टिकात गुंडाळलेली, आणि तिच्यावर रिकाम्या खोक्यांची चळत. नर्स म्हणाली, "डॉक्टर आएगा तब चलेगी, दीदी."

दाढ त्यांनी खासगीत काढून घेतली, पण राग काही निघाला नाही. नवऱ्याला न सांगता त्या विरोधी पक्षाच्या आमदारांकडे गेल्या. आमदारांनी प्रश्न टाकला: दवाखान्यातली दंतचिकित्सेची खुर्ची चालू आहे काय? नसल्यास का, आणि केव्हा होईल?

प्रश्न अर्थातच नरहररावांच्या टेबलावर आला. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून कोणीतरी सांगितलं, "कुर्सी? है सर." 'आहे' आणि 'चालू आहे' यांतलं अंतर नरहररावांनी मोजलं नाही. त्यांनी लिहिलं, "जी हाँ. शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता." मंत्र्यांच्या नावाने ते छापून आलं.

संध्याकाळी जेवताना मीराताईंनी मोबाइलवरून ते उत्तर मोठ्याने वाचलं. आमदारांच्या माणसाने पाठवलं होतं.

"हे शेषांश तुमचंच ना?"

"मंत्र्यांनी दिलं उत्तर. मी कोण?"

"मग माह्या दाढेचा शेषांश कुठं गेला, तेही मंत्र्यांनाच विचारू काय?"

नरहररावांचा घास हातातच राहिला. "तू काहून गेली आमदाराकडे? मले सांगायचं ना."

"तुमाले सांगितलं असतं तर कार्यवाही सुरू झाली असती."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला जाण्याआधी दवाखान्यात गेले. नर्सने खोकी बाजूला केली. "बैठिए न सर, बैठने के काम तो आती है." ते प्लॅस्टिकवरच बसले. इतकी वर्षं शाळा, बोअरवेल, पूल, वसतिगृहं यांच्यावर उत्तरं लिहिली, पण ज्याच्यावर लिहिलं ते स्वतः जाऊन पाहण्याची ही पहिलीच वेळ. त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

इकडे मंत्र्यांनी सभागृहाला चुकीची माहिती दिली, अशी तक्रार आमदारांनी केली. खात्यात धावपळ उडाली. नरहररावांकडे खुलासा मागितला, आणि त्यांनी नोकरीतली सगळ्यात सरळ टिपणी लिहिली: खुर्ची बंद आहे, डॉक्टर नाही, मी खात्री केली नाही, उत्तर दुरुस्त करावं.

त्यांचे साहेब निरंजन मिश्रा यांनी ती वाचली. "पुराणिकजी, तबीयत ठीक है?"

उत्तर दुरुस्त करायचं म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून खेद व्यक्त करायचा. त्यापेक्षा खुर्ची दुरुस्त करणं सोपं होतं. अभनपूरच्या बाजूला काम करणाऱ्या डॉक्टर चेतना साहू यांना तडकाफडकी बोलावलं गेलं. प्लॅस्टिक निघालं, वीज जोडली, एका आजोबांना खुर्चीत बसवून फोटो काढला.

मग मिश्रासाहेबांनी नरहररावांना आत बोलावून फोटो दाखवला. "देखिए, चालू है. आपका पहला जवाब सही था. यह नोट गलत है. बिना जाँचे ऐसी बातें मत लिखा कीजिए."

थाप खरी ठरली होती, आणि खरं लिहिल्याबद्दल त्यांना समज मिळाली होती. ते घरी येऊन हे सांगायला लागले तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आवरेना. मीराताई मात्र हसल्या नाहीत.

अधिवेशन संपलं. डॉक्टर साहू परत गेल्या आणि खोकी खुर्चीवर परतली.

"आता?" मीराताईंनी विचारलं.

नरहरराव वाटाणे सोलत होते. "तुह्या प्रश्नातच खोट होती. 'आहे काय' असं विचारायचंच नाही, आमच्यासारख्याले आयतंच फावते. लिहून घे."

आणि सरकारी नोकराने जे मुळीच करू नये ते त्यांनी केलं. विरोधी आमदारांसाठी प्रश्न सांगितला: अधिवेशन संपल्यानंतर या खुर्चीवर किती रुग्ण तपासले, कोणत्या तारखांना, कोणत्या डॉक्टरने? रुग्ण एकही नसल्यास जबाबदार अधिकारी कोण?

पुढच्या अधिवेशनाआधी तो प्रश्न त्यांच्याच टेबलावर येऊन पडला. जुन्या सवयीने त्यांनी पळवाट शोधली, पण सापडली नाही. स्वतःच्या कामाचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

मिश्रासाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "किसने बनाया यह सवाल? बड़ा शातिर आदमी है."

"विपक्ष के पास कोई जानकार होगा, सर," नरहरराव गंभीरपणे म्हणाले.

या वेळी फोटोने भागण्यासारखं नव्हतं. खात्याला तारखा हव्या होत्या आणि तारखांसाठी रुग्ण हवे होते. डॉक्टर साहूंची दर मंगळवारी आणि शुक्रवारी कायमची नेमणूक झाली. नरहररावांनी 'जबाबदार अधिकारी' या भागाला मात्र मोघम उत्तर दिलं. एवढं कौशल्य त्यांच्यात अजून शिल्लक होतं.

उन्हाळ्यात त्यांचा स्वतःचा दात हलायला लागला. मंगळवारी ते दवाखान्यात गेले, तर पार गुढियारी वस्तीपासून आलेल्या लोकांची रांग व्हरांड्याबाहेर गेलेली. नर्सने त्यांना ओळखलं. "आज नंबर नहीं लगेगा सर, शुक्रवार को आइए."

"हव," म्हणून ते गाल धरून घरी परतले. ऋताच्या म्हणण्याप्रमाणे, एवढ्या दुखण्यातही पापा खूश दिसत होते.