ताणा कुणीकडे?

मेश्राम काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी नमस्कार करण्याआधी माझ्या कुर्त्याचं टोक धरलं. अमेरिकेतल्या कॅरी गावात एका शाळेच्या हॉलमध्ये एप्रिलातल्या जयंतीचा कार्यक्रम होता. मी पोह्यांची प्लेट सांभाळत उभा, आणि साठीकडे झुकलेला हा माणूस माझं कापड आधी उभं, मग आडवं ओढून बघतोय. "ताणा चांगला आहे," ते म्हणाले, "बाणा जरासा पोकळ आहे." मग नाव सांगितलं.

कापड दिसलं की त्यांचा हात गेलाच म्हणून समजा. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी दिवाणखान्यातले सगळे पडदे ओढून पाहिले. त्यांचे वडील नागपूरजवळच्या खेड्यात हातमागावर जाडंभरडं कापड विणायचे. मागावर उभा ताणून बांधतात तो ताणा आणि त्यात आडवा भरतात तो बाणा, हे मला काकांनीच शिकवलं. स्वतः ते शिकून सिव्हिल इंजिनियर झाले, अमेरिकेत आले आणि मातीचे उतार सांभाळण्यात त्यांचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. बोटं मात्र विणकराचीच राहिली.

त्यांची खरी गरज मला पुढच्या वर्षी पडली. आमचं घर एका उताराच्या माथ्यावर होतं. हिवाळ्यातल्या पावसात मागची लाल माती घसरली आणि तुटलेली कड किचनपासून जेमतेम आठ फुटांवर आली. पुढच्या पावसात घरच जाणार, या धास्तीने माझी बायको नीलिमा हिने मुलीला मागच्या अंगणात जायची बंदी केली. जो तो काँक्रीटची भिंत बांधा म्हणत होता. काका आले, ओल्या मातीचा गोळा करून त्यांनी तो मुठीत दाबून बघितला आणि म्हणाले, "भिंतीला जन्मभर मातीशी भांडावं लागते. आपण मातीच विणू."

म्हणजे घसरलेली माती काढायची, मग थरावर थर दाबत परत भरायची, प्रत्येक दोन थरांमध्ये प्लॅस्टिकची मजबूत जाळी घालायची, मागे पाणी जायला पाइप आणि वरून गवत. नीलिमाला ते पटेना. "काका, वॉलच करू या ना. गवतावर घर कसं उभं राहणार?"

"गवत फक्त वरची माती धरते, पोरी," काका म्हणाले. "घर धरते ती आतली जाळी. तू गवतावर भरवसा ठेवूच नको."

काम सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी दूरच्या नोव्हाय शहरातून फोन आला. काकांची मुलगी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. निघताना त्यांनी मला बजावलं की जाळीची ताकद तिच्या लांबीत असते. तिचे तुकडे कापून घराकडून उताराकडे टाकायचे, लांबीची बाजू, म्हणजे ताणा, तिकडे गेला पाहिजे. मी मान डोलावली. मी संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. निम्मं कळलं होतं, पण परत विचारायची लाज वाटली.

रोज संध्याकाळी काकांचा फोन यायचा. "ताणा कुणीकडे?" मी सोफ्यावरूनच सांगायचो, "बरोबर आहे काका." कामगार वाकबगार दिसत होते, पण त्यांना भिंतींची सवय आहे आणि हे काम ते पहिल्यांदाच करताहेत, हे मला ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी काकांनी प्रश्न बदलला. किचनच्या खिडकीतून पाहिलं तर जाळीच्या लांब पट्ट्या माझ्याकडे येतात की शेजाऱ्याकडे जातात?

मी फोनची वायर ताणत खिडकीपर्यंत गेलो. दोन थरांची माती भरून झाली होती आणि तिसऱ्यासाठी जाळी अंथरलेली होती. सतरंजी उलगडावी तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शेजाऱ्याकडे," मी म्हणालो.

काकांनी विचारलं, "थर किती झाले?"

"दोन. तिसरा उद्या."

"मग काहीच बिघडलं नाही. उद्या सगळं उकर आणि नीट टाक. दहा झाल्यावर पाहिलं असतं तर दोघंही रडलो असतो."

इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माती उकरायला कामगारांबरोबर स्वतः फावडं घेऊन उतरलो. माझा उपयोग फारसा झाला नाही, पण प्रत्येक पट्टी मी हाताने ओढून बघितली.

सप्टेंबरात समुद्राकडून मोठं वादळ आलं. गल्लीतले पाइन आडवे झाले, वीज गेली. सकाळी पाऊस थांबल्यावर मागचं दार नीलिमानेच उघडलं. गवत तेल लावून भांग पाडल्यासारखं चप्प बसलं होतं आणि खालच्या पाइपातून स्वच्छ पाणी वाहत होतं. उतार होता तिथेच होता. नीलिमा पायरीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. मागून मुलगी आली. "आई, कॅन आय गो आउट नाउ?" नीलिमाने बाजूला सरकून तिला वाट करून दिली.

दुपारी काका पडलेली झाडं ओलांडत आले. मला राहवलं नाही. पहिले चार दिवस मी न बघताच 'बरोबर आहे' म्हणत होतो, हे सांगून टाकलं. त्यांनी वाकून मूठभर गवत ओढून पाहिलं. ते निघालं नाही.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "तुझं उत्तर फार लवकर येऊन राहिलं होतं. पाहून आलेल्या माणसाला वेळ लागते."

निवृत्त झाल्यावर काका नातवाजवळ राहायला नोव्हायला गेले. दर रविवारी ते आमच्याकडे चहाला यायचे; त्यांच्यावाचून आमचे रविवार अजून सुने वाटतात. पण फोन येतो. नोकरी, तब्येत, मुलीची शाळा सगळं विचारून होतं आणि मग ते म्हणतात, "उतार कसा आहे?" मी रिसीव्हर ओट्यावर ठेवतो, चपला घालतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, मधे वाकून एखाद्या ठिकाणी गवत ओढून बघतो. तोवर ते थांबतात.

"ठीक आहे काका," परत येऊन मी सांगतो.

"वेळ लागला," काका खुशीत म्हणतात. "म्हणजे पाहून आला."