दिघ्यांकडचे कानवले

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत दिवाळी आली हे कंदील लागायच्या आधी दिघ्यांच्या दारातून येणाऱ्या तुपाच्या वासावरून कळायचं. रत्नप्रभा दिघे खाजाचे कानवले करायची. कानवला म्हणजे तशी करंजीच, पण पापुद्र्यांची. तळताना एकेक पापुद्रा असा सुटतो की हातात घेतानाच जपावं लागतं. तिचे यजमान देवदत्त एका औषध कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. या सगळ्यात त्यांचं काम एवढंच: ताटल्या घरोघर पोचवायच्या आणि ‘वहिनींच्या हाताला तोड नाही हो’ हे ऐकून स्वतःच केल्यासारखं हसायचं.

यंदा ज्येष्ठात एका सकाळी रत्नाच्या हातातून चहाचा कप पडला. पाठोपाठ तीही. पक्षाघात. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये काढून ती व्हीलचेअरवर घरी आली तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. महिन्याभराने एक शब्द परत आला. ‘चमचा.’ तो का आला ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पाणी हवं असलं तरी चमचा, पंखा बंद करायचा तरी चमचा, नवऱ्याला हाक मारायची तरी चमचा. डोक्यात सगळं लख्ख, बोलायला गेलं की तेवढंच. चाळीस वर्षं ‘अहो’ ऐकलेल्या देवदत्तना ती आता आपल्याला ‘चमचा’ म्हणते याचं सुरुवातीला हसू आलं होतं. मग तेही येईनासं झालं.

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून तयार करंज्या आणल्या. रत्नाने एक घास घेतला, उरलेली करंजी डाव्या हाताने ताटलीत ठेवली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“रडू नकोस गं,” देवदत्त म्हणाले. “आपण घरी करू. तू सांग, मी करतो.”

‘तू सांग’ म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली. पण रत्नाने होकाराची मान हलवली होती. जोरात, दोनदा.

अंधेरीला राहणाऱ्या लेकीला, रेवतीला, त्यांनी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “बाबा, कशाला हा उपद्व्याप? मी ऑर्डर करते ना. भाजून घ्याल हात.”

“तुझ्या आईला हवेत,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर व्हीलचेअर स्वयंपाकघराच्या टेबलाशी लावली. सारण तर बरं जमलं. खोबरं, रवा, खसखस, सगळं ती बोटाने दाखवत गेली, ते भाजत गेले. तिने चिमूटभर तोंडात टाकून डोळे मिटले तेव्हा देवदत्तना वाटलं, जमतंय की!

पीठ भिजवल्यावर मात्र गाडी अडली. रत्नाने गोळ्यात बोट खुपसलं आणि नाही अशी मान हलवली. “चमचा.”

“दूध घालू?”

“चमचा.”

“तूप? मीठ राहिलं का?”

“चमचा! चमचा!” तिने टेबलावर थाप मारली.

त्यांनी खरोखरच चमचा आणून दिला. तो तिने भिरकावला. त्यांनी ओला फडका आणला, मैद्याचा डबा आणला, ओट्यावरची एकेक वस्तू उचलून ‘हे? हे?’ विचारलं. शेवटी तिने डावी मूठ उचलली आणि मांडीवर दणादण आपटली.

“कुटायचं!” देवदत्त ओरडलेच. “अगं, कुटायचं म्हणतेस!”

इतकी वर्षं बाहेरच्या खोलीत पेपर वाचताना आतून वरवंट्याचा आवाज येत असे. तो कशाचा, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी पीठ कुटलं, पाऊण तास. खांदा भरून आला.

मग साटा. तूप आणि तांदळाची पिठी एकत्र करून हाताने फेसायची, हलकी होईपर्यंत. रत्नाने वाटीकडे बोट दाखवलं, मग नळाकडे. त्यांना वाटलं तहान लागली. पाणी ओठांशी नेलं तर तिने तोंड फिरवलं, वाटी हिसकून टेबलावर ठेवली आणि साट्याचा थेंब पाण्यात सोडला. थेंब तळाशी गेला. अजून फेसायचं. दहा मिनिटांनी पुन्हा थेंब. अर्धवट तरंगला, मग बुडाला. तिने मान हलवली.

“पुरे झालं, रत्ना.”

“चमचा.”

“अगं, हात दुखतोय माझा.”

“चमचा.”

“मग तूच कर ना!”

पाच महिन्यांत ते पहिल्यांदा तिच्यावर ओरडले होते. रत्नाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने तिने परात स्वतःकडे ओढली आणि फेसायला लागली. परात टेबलावर गरगर फिरायला लागली. धरायला दुसरा हात नव्हता. देवदत्त दोन्ही हातांनी परात धरून उभे राहिले. तिचा हात थकला तेव्हाही साटा बुडतच होता.

तीन पोळ्या लाटून, मध्ये साटा लावून, वळकटी करून त्यांनी लाट्या कापल्या. कानवले भरले. कडा दुधाच्या बोटाने चिकटवल्या. ती बघत होती. बोटं हवेत मुडपत होती, अशी नाही, अशी, अशी. त्यांना ती हालचाल कळत होती पण बोटांत उतरत नव्हती.

पहिला कानवला तुपात सोडला आणि कडेने फाटला. सारण कढईभर झालं. दुसरा तसाच. तिसऱ्याचे पापुद्रे सुटायला लागले म्हणून देवदत्त वळून ‘बघ, बघ’ म्हणाले, तेवढ्यात तो मधोमध उकलला. जळकं खोबरं वर येऊन तूप काळं पडलं. धूर डोळ्यांत जायला लागला. रत्ना खुर्चीचं चाक एका हाताने रेटत होती. खुर्ची पुढे न येता जागीच वळत होती. अकरावा फुटल्यावर त्यांनी गॅस बंद केला.

स्टूल ओढून ते तिच्याजवळ बसले. “काय चुकलं गं? पीठ सैल झालं?”

तिने मान हलवली, हो.

“साटा कमी फेसला?”

हो.

“कडा? की तूप जास्त तापलं?”

हो. हो.

सगळंच चुकलं होतं, की तिला फक्त हा विषय संपवायचा होता? मेंदूच्या गडबडीत तिचे हो आणि नाहीसुद्धा कधीकधी उलटे पडतात, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात हे जाणणारं एकच माणूस होतं आणि ते शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होतं. देवदत्तनी विचारणं सोडलं. कोमट पाण्याने तिच्या नखांत वाळलेला साटा काढला. मग कढई घासायला घेतली.

दिवाळीच्या पहाटे रेवती डबे घेऊन आली. जळका वास अजून पडद्यांना होता, पण तिने काही विचारलं नाही. नीट ताटल्या भरल्या आणि स्वतःच घरोघर देऊन आली.

संध्याकाळी समोरच्या सुनंदाताई रिकामी ताटली द्यायला आल्या. “रेवतीने आणलेलं फराळाचं छान होतं हो. पण कानवले नाहीत का यंदा? आम्ही वाट बघत होतो.”

“नाही. यंदा नाही जमलं,” देवदत्त म्हणाले आणि लगेच आवाज खाली आणला. पण स्वयंपाकघराशेजारच्या खोलीचं दार उघडंच होतं. आतून खुर्चीचं चाक करकरलं आणि थांबलं.

सुनंदाताई गेल्या. ताटली हातात घेऊन ते बराच वेळ दारातच उभे राहिले.