कुंकवाची वायर

आज खंडेनवमीला नौबादच्या घरापुढे नव्या गाडीच्या बंद बॉनेटला मी कुंकू लावत होते. शेजारी झेंडूची टोपली होती आणि कुठून तरी पेट्रोलचा वास आला. ते दोन वास एकत्र आले की मला दुबलगुंडीतली एक दसऱ्याची सकाळ आठवते.

अप्पांच्या जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये बिदरला न्यायचा झेंडू भरला होता. दुपारनंतर त्याला कोण विचारणार? आणि गाडी नुसती थरथरत होती, सायलेन्सरमधून फाडफाड आवाज काढत होती.

"काल तर बरी व्हती. आता कामून अशी करायलीय?" म्हणत अप्पांनी कार्बोरेटर साफ केला. आवाज तसाच.

आई इंजिनावर वाकली. आदल्या दिवशी पूजेसाठी अप्पांनी प्लगच्या चारही वायरी काढून पुसल्या होत्या. दोन प्लगांना आणि त्यांच्या वायरींना लावेपर्यंत आईच्या करंड्यातलं कुंकू संपलं. उरलेल्या दोन जोड्यांना तिनं नुसती हळद लावली होती. पूजेनंतर वायरी अप्पांनीच परत बसवल्या होत्या.

"कुंकवाची वायर हळदीच्या प्लगावर बसलीय बघा," ती म्हणाली.

अप्पांनी त्या दोन वायरींची अदलाबदल करून त्या आपापल्या प्लगावर बसवल्या. इंजिन सुरळीत चालू लागलं.

"देवीनं दाखवलं बघ," अप्पा म्हणाले.

"व्हय, देवीनंच," म्हणत आईनं काळे हात पदराला पुसले.

तेव्हा मला ती भाबडी वाटली होती. वायरी उलट्या कोणी बसवल्या, हा विषय मात्र तिनं शेवटपर्यंत कधी काढला नाही.