नीफ, विसार आणि लॉकरमधला पासपोर्ट

बाळांनो,

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला इंग्लिश आणि स्कॉटिश कायद्यातले जुने शब्द विचारत होतात. एडिंबराच्या कॉलेजात कायद्याच्या इतिहासाची परीक्षा आहे आणि आजीने हाच विषय नागपूरला आयुष्यभर शिकवला, म्हणून. मी अर्थ सांगितले. मग तू हसून म्हणालीस, "आजी, हे सगळे डेड वर्ड्स आहेत. परीक्षेनंतर विसरायचे." तुझा भाऊही हसला. मी विषय बदलला, कारण तेव्हा बोलले असते तर नीट बोलता आलं नसतं. इथे टेक्सासमधल्या प्लेनोत, तुमच्या आत्याच्या ओळखीच्या एका घरात या संक्रांतीला जे पाहिलं, त्याची शिसारी अजून गेलेली नाही. म्हणून आता लिहून काढते.

आधी शब्द. व्हिलेन म्हणजे जुन्या इंग्लंडमधला जमीनदाराला बांधलेला माणूस. त्याला गुलाम म्हणत नसत. बाकी साऱ्या जगापुढे तो मोकळा. फक्त आपल्या मालकापुढे नाही. अशा बाईला वेगळा शब्द होता, नीफ. वर्गात हे सांगितलं की मुलं माना डोलवायची आणि लिहून घ्यायची. मला मात्र दर वर्षी आमचे आजोबा आठवायचे. गावची मेलेली जनावरं ओढायची आणि सांगावे पोचवायचे, हे काम त्यांना जन्मानेच चिकटलेलं होतं. बदल्यात दारोदारची भाकरी. गाव त्याला 'तुमचा मान' म्हणायचं. आपली माणसं त्यातून बाहेर पडली ती कुणी सोडलं म्हणून नव्हे.

आता ते घर. हायवेपासून दोन वळणं आत, मोठं, पुढे हिरवळ. यजमानीणबाई तुमच्या आत्याच्या ऑफिसातल्या. स्वभावाने हसऱ्या, मला काकू म्हणतात. गुळाच्या पोळ्यांचं जेवण होतं आणि पाहुणे भरपूर. स्वयंपाकघरात एक बाई एकटीच पोळ्या लाटत होती. घरातले सगळे तिला मावशी म्हणत होते, वयाने तिच्याहून मोठ्या असलेल्या यजमानीणबाईसुद्धा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिला नाशिककडून आणलं होतं. निघताना साडीचोळी करून तिच्या आईच्या पाया पडून आलो, हेही त्यांनी सांगितलं.

कुणीतरी विचारलं की परदेशात आणलेली बाई टिकते कशी? यजमानीणबाई माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "काकू, आम्ही तिला कामवाली मानतच नाही. घरचीच आहे. तिचा पासपोर्टसुद्धा मी माझ्या दागिन्यांबरोबर लॉकरमध्ये ठेवते."

पाहुण्यांना ते आवडलं. एक जण म्हणाला, बरोबर आहे, यांच्या हातून हरवला तर केवढी पंचाईत. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठले.

मावशी तव्यावरून नजर न काढता हळू आवाजात बोलली. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, दिवस भरत आलेत. जायचं म्हटलं की वहिनी म्हणतात दिवाळी होऊ द्या. मग ख्रिसमसचे पाहुणे आले. आता त्यांच्या मुलाची परीक्षा आहे. पासपोर्ट मागितला तर वहिनींना वाईट वाटतं, त्या रडतात, आणि मग दादा दोन दिवस बोलत नाहीत. घराबाहेर पडून जाणार कुठे, गाडी चालवता येत नाही, भाषा येत नाही.

"बाई, मी चोर आहे का?" तिने मला विचारलं. "माझीच वस्तू मागायला लाज का वाटते मला?"

जुन्या इंग्लंडमधला बांधलेला माणूस पळून राजाची सनद मिळालेल्या एखाद्या शहरात वर्ष आणि एक दिवस राहिला, तर सुटायचा. प्लेनोत चारी बाजूंनी हायवे. तुपाचा आणि वेलदोड्याचा वास नाकात बसला होता.

मी बाहेर आले आणि यजमानीणबाईंना सांगितलं, तिचा पासपोर्ट आणून द्या, जेवणं व्हायच्या आत. तुमची आत्या कुजबुजली, आई, चारचौघांत नको. कुणीतरी म्हणालं, आज्जींनी कोर्ट भरवलं. हशा झाला. यजमानीणबाईही हसल्या.

"अहो काकू, ती कुठे पळून जाणार आहे? तिला इंग्लिश तरी येतं का?"

"म्हणूनच मागते आहे," मी म्हणाले. "कुणाला कामाला जुंपून ठेवायला तिचा पासपोर्ट अडकवणं हा या देशात गुन्हा आहे. मी वकील नाही, शिकवत होते. पण फोन करायला वकील लागत नाही."

यजमानीणबाईंचा नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. बाई वर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात चांदीचं ताट होतं. ताटात नारळ, कोरी साडी, कुंकवाचा करंडा, आणि साडीवर पासपोर्ट. डोळे पुसत म्हणाल्या, रिकाम्या हाताने कशी देऊ, घरचीच आहे ती.

बाळांनो, स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणींत एक रीत होती. खाणमजुराच्या मुलाच्या बारशाला मालक एक भेट द्यायचा. तिला आर्ल्स म्हणत; आपल्याकडे सौदा पक्का करताना विसार देतात ना, तसा. आईबापांनी ती घेतली की मूल जन्मभर त्या खाणीचं. मी हे कितीदा तरी शिकवलं होतं, पण ती भेट देताना मालकाचा चेहरा कसा दिसत असेल याचा विचार केला नव्हता. तो प्रेमळच दिसत असणार.

मावशीने पीठ लागलेले हात पदराला पुसले, पासपोर्ट उचलला आणि कमरेला खोचला. "साडी राहू द्या वहिनी," म्हणाली. गॅस बंद केला आणि पिशवी भरायला गेली. जेवायला कुणालाच सुचत नव्हतं, तरी दोघातिघांनी पोळ्या संपवल्या.

ती आमच्या गाडीतून आमच्या घरी आली. तिकीट त्या लोकांनीच काढलं, गोष्ट पसरू नये म्हणून. तुमची आत्या आठवडाभर माझ्याशी तुटक बोलली आणि मग एका सकाळी तिनेच मावशीला विमानतळावर सोडलं. लेकीला मुलगी झाली तेव्हा मावशी तिच्या उशाशी होती. तिने फोटो पाठवला आहे.

मागच्या रविवारी यजमानीणबाई एका कार्यक्रमात भेटल्या. माझ्या शेजारच्या बाईंना त्या सांगत होत्या, "मावशीच्या लेकीचं बाळंतपण, म्हणून मी तिला सोडलं, स्वतःची गैरसोय करून." त्या बाई म्हणाल्या, किती मोठं मन. माझ्या हातातला चहा मी तसाच ठेवून दिला.

परीक्षेत लिहायचं ते लिहा. इंग्लंडच्या कायद्यात आज नीफ नाही, स्कॉटलंडच्या खाणींचा विसारही नाही. माणसाला असं अडकवून ठेवणं तुमच्याकडे गुन्हा आहे आणि इथे अमेरिकेतही. दुसऱ्या बाईला सोडायचं की नाही हे आपल्या हातात आहे, असं मानणारी मालकीण मात्र अजून आहे.